ताडाला बांधलेलं पोर

सारीमचं पत्र आलं त्याला नऊ वर्षं होऊन गेली. मी उत्तर दिलं नाही.

पत्र उत्तरेकडच्या बात्तांबांगहून भाताच्या ट्रकवाल्यानं आणून दिलं होतं. वहीचा फाडलेला कागद, अक्षर तिच्या मुलीचं. मजकूर थोडाच होता.

“गुरुजींना नमस्कार. मी सांगते आहे, सोर्या लिहिते आहे. इकडे सगळे बरे आहेत. सासूबाई अजून म्हणतात, तू बांधलंस म्हणून माझा मुलगा गेला. बाईनं पुरुषाच्या कमरेला दोर घातला, त्याचा ताडावरच्या देवाला राग आला. दहा वर्षं ऐकते आहे. आता सोर्यासमोर म्हणतात. त्या दिवशी ह्यांनी पट्टा का काढला, गुरुजी? पट्टा ताडाच्या खालच्या खुंटाला टांगलेला होता, नीट गुंडाळून. म्हणजे हातानं काढला. तुम्ही खाली होता. गावात सगळे ह्यांना हसायचे, तुम्ही हसला नाहीत. म्हणून तुम्हाला विचारते. माझ्यामुळे झालं का, एवढंच लिहा.”

मी हसलो नव्हतो हे खरं आहे.

त्या वर्षी आमच्या भागातल्या कळकाला, म्हणजे जाड बांबूला, फुलोरा आला. कळक पन्नास-साठ वर्षांत एकदा फुलतो आणि फुलला की मरतो. नदीकाठची सगळी बेटं एका पावसाळ्यात पिवळी पडली. भात कापून झालं, वारा उत्तरेकडून सुरू झाला, ताडाच्या पोया, नीरा देणारे फुलांचे तुरे, बाहेर पडायला लागल्या, आणि ताडावर चढणाऱ्या माणसांकडे नवीन शिडी करायला कळक नव्हता.

आमच्याकडची शिडी म्हणजे एकच कळक. पेरापेराला फुटलेल्या फांद्या वीतभर ठेवून छाटायच्या आणि तो कळक वेलीनं ताडाच्या खोडाला जखडायचा. त्या खुंटांवर पायाचा चवडा ठेवत वर जायचं. ताड उंच असेल तर एकावर एक दोन कळक बांधावे लागतात. शिडी एका मोसमाची. पावसाळा खाल्लेला कळक वरून शाबूत दिसतो आणि आतून भुंगा त्याचं पीठ करतो. हे पोरासोरांनाही माहीत असतं. दरवर्षी जुन्या शिड्या उतरवून चुलीत घालायच्या, हा नियम कुणी मोडत नसे.

त्या वर्षी सगळ्यांनी मोडला. माणसं ताडाखाली उभी राहून जुन्या कळकावर कोयत्याची मूठ आपटायची, कान लावायची आणि म्हणायची, “चालेल.”

बुनथानकडे अठरा ताड होते. ताड सासऱ्याचे. आमच्याकडे लग्न झालं की जावई सासुरवाडीला येऊन राहतो. बुनथान तसा बात्तांबांगकडून आलेला, अंगानं उभट, बोलणं कमी. पहाटे अठरा आणि दिवस कलताना पुन्हा अठरा. चढायचं, पोयीचं टोक सुरीनं पातळ कापायचं, भरलेलं नळकांडं काढून रिकामं अडकवायचं, उतरायचं. ऊन चढायच्या आत नीरा चुलीवर गेली पाहिजे, नाहीतर आंबते आणि गूळ धरत नाही.

सासरा नोप घराखाली बाजेवर असायचा. आमची घरं खांबांवर उभी असतात, खाली माणूस बसेल-उठेल एवढी मोकळी जागा असते. नोप चार वर्षांपूर्वी ताडावरून पडला होता. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. सारीम त्याला रोज कुशीवर वळवायची, पाठीच्या जखमांवर हळद-तेल लावायची, खालचं काढायची. तो शिव्या द्यायचा. वास रस्त्यापर्यंत यायचा. मी शाळेत जाताना त्या घरावरून जायचो, आणि श्वास धरून जायचो हे कबूल करतो.

सारीमची मुलगी सोर्या तेव्हा दहा महिन्यांची, रांगणारी. वर घराच्या जमिनीला कठडे नव्हते, पोर रांगत गेलं तर पुरुषभर उंचीवरून खाली. म्हणून आमच्या बायका करतात तसं सारीम तिच्या कमरेला पंचा बांधायची आणि दुसरं टोक मधल्या खांबाला. पोर कडेपर्यंत जायचं, पंचा ताणला जायचा, तिथं बसून खाली बघायचं.

तिच्या डोक्यात ते तिथूनच आलं असावं. एका सकाळी मी गूळ आणायला गेलो तेव्हा ती पायरीवर बसून म्हशीच्या कातड्याच्या वाद्या वळत होती. मधे रुंद पट्टी, तिला आतून जुन्या पंच्याची घडी शिवलेली, कंबर सोलू नये म्हणून.

“हे काय गं?” मी विचारलं.

“ह्यांच्यासाठी. ताडाभोवती टाकायचं न् कमरेला अडकवायचं. खुंट मोडला तर लोंबकळतील, पण जमिनीवर नाही यायचे.”

बाजेवरून नोप म्हणाला, “मी तीस वर्षं चढलो. दोर लावून एक दिवस नाही चढलो.”

“आणि एकतिसाव्या वर्षी बाजेवर आलात,” सारीम मान वर न करता म्हणाली.

“नशीब होतं माझं.”

“नशीब तुमचं, गू मी काढते.”

म्हातारा थुंकला. बुनथान चुलीपाशी नळकांड्यांना धुरी देत बसला होता. तो म्हणाला, “अगं, दर ताडाला बांधा-सोडा करत बसलो तर नीरा आंबेल.”

“आंबू दे दोन ताडांची. त्याची ताडी होईल, बाबा पितील.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक येणार आहेत का तुम्हाला कुशीवर वळवायला?” ती उठली, पट्टा त्याच्या कमरेभोवती टाकला आणि ओढून पाहिला. “नवीन कळक आणा, मग काढा. डोंगरापलीकडे बेटं जगलीत म्हणतात.”

“दोन दिवसांची वाट आहे. बैलगाडी मिळायला हवी. नववर्ष झालं की जातो.”

“मग तोवर बांधा.”

त्यानं बांधला.

तो कसा वापरायचा हे त्याचं त्यानंच शोधलं. वर पोहोचला की वादी खोडामागून घ्यायची, आकड्यात अडकवायची आणि पाय खुंटावर रोवून मागे रेलायचं. मग दोन्ही हात मोकळे. एरवी एक हात देठाला आणि सुरी दातात. पहिल्या आठवड्यातच त्याचं कापणं सुधारलं, पोय वाया जाईना. चढताना मात्र पट्टा उपयोगाचा नव्हता. तेव्हा त्यानं पट्ट्यालाच दुसरी छोटी वादी जोडली. अर्ध्या वाटेवर, जिथं दोन कळक जोडलेले असतात, तिथं थांबून ती खोडाभोवती अडकवायची, आणि मग ती वर सरकवत पुढं जायचं. यानं वेळ जायचा. दुसरे चढणारे चुलीवर कढया ठेवून बसायचे तेव्हा हा अजून चार ताड मागे असायचा.

मियास सगळ्यांत चपळ. तो बुनथानच्या शेजारचेच ताड चढायचा. वरून ओरडायचा, “काय रे जावईबापू, गाठ सुटत नाही का? बायकोला बोलवू?”

बुनथान वादी अडकवून पुढं चढायचा.

मी रोज सकाळी शाळेआधी ताडांखाली, गुळाच्या चुलीवर, नीरा प्यायला जायचो. चुलीपाशी पाच-सहा माणसं असायची, मी कडेला ओंडक्यावर. मला माणसांत बोलता येत नाही. शाळेत पोरांसमोर बोलतो, ते पुस्तकातलं. मोठ्यांत बसलो की काय बोलावं ते सुचतं तेव्हा विषय पुढं गेलेला असतो. वीस वर्षं त्या गावात होतो, आणि मी काही बोललो आणि लोक वळून बघायला लागले, असं एकदाही झालं नव्हतं.

त्या दिवशी मियास म्हणत होता, “पट्टा तरी कसला, म्हशीला बांधावी तशी वादी.”

दुसरा म्हणाला, “म्हैस नाही रे, कुत्रा.”

हसू आलं नाही कुणाला. बुनथान तेवढ्यात नळकांडी घेऊन आला, कमरेला पट्टा तसाच. मागे त्यांच्या घराच्या कडेला सोर्या पंच्याच्या टोकाला बसलेली दिसत होती. आणि मी म्हणालो,

“सारीमला पोरं दोन. एक खांबाला बांधते, एक ताडाला.”

मग मियासच्या तोंडातली नीरा बाहेर उडाली. माणसं मांडीवर थापा मारायला लागली. “ताडाचं पोर! वा गुरुजी, वा! शिकलेला माणूस तो शिकलेला माणूस!” मियासनं माझ्या पाठीवर हात मारला. त्यानं मला कधी हात लावला नव्हता. मी हसलो नाही. विनोद करणाऱ्यानं स्वतः हसू नये हे मला ठाऊक होतं. मी नीरेचा पेला तोंडाला लावला. अंग गरम झालं होतं आणि मला फार बरं वाटत होतं.

बुनथाननं माझ्याकडे पाहिलं. नळकांडी कढईत रिकामी केली आणि गेला.

ते नाव दुपारपर्यंत पाणवठ्यावर पोहोचलं. कुणी म्हटलं ते कुणी विचारलं नाही. चांगल्या शब्दाला मालक राहत नाही. सकाळी तो चढायला लागला की कुणीतरी पाळण्यातल्या पोराला झुलवताना म्हणतात ती ओवी धरायचं. बाजारात मासेवालीनं त्याला विचारलं, “बाळ, काटे काढून देऊ?” विहारात धान्यदानाच्या दिवशी पंगतीत सगळ्यांच्या पानात भात आणि माशाचं कालवण वाढलं, त्याच्यापुढं कुणीतरी केळं कुस्करून पेजेत कालवलेली वाटी ठेवली. शंभर माणसं होती. भिक्खूही हसले. बुनथाननं वाटी उचलली आणि सगळी पेज खाल्ली. सारीम बायकांच्या ओळीत होती. ती उठली आणि ओरडली, “खांबाला बांधलेलं पोर पडलेलं पाहिलंय का कुणी? सांगा ना! पाहिलंय?” यावर लोक अजूनच हसले.

मी पानातल्या भाताकडे बघत बसलो होतो.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. “गुरुजी, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील. पुस्तकात असेल ना काही, उंचावरच्या कामाबद्दल?”

“बघतो,” मी म्हणालो.

“हे नाव पाडलं कुणी, ते मला कळलं तर त्याच्या तोंडात राख घालीन. ह्यांना विचारते तर सांगत नाहीत.”

“बघतो,” मी पुन्हा म्हणालो.

पुस्तकं माझ्याकडे अकरा होती. कुठल्यात काही नव्हतं हे मला न बघताही माहीत होतं.

नववर्षाला नऊ दिवस राहिले होते. रात्री पावसाचा शिडकावा झाला होता, खोडं ओली होती. मी लवकर गेलो. चुलीपाशी कुणी आलं नव्हतं. बुनथान घराकडून आला. पट्टा कमरेला होता. रोज सकाळी सारीम स्वतः आकडा लावून द्यायची. तो तळ्याकाठच्या जोडशिडीच्या ताडाखाली थांबला. पलीकडच्या ताडावर मियास अर्ध्यावर गेला होता. त्यानं वरून हाक दिली, “ए ताडाच्या पोरा! दूध पिऊन आलास का?”

बुनथाननं आकडा काढला. पट्टा सोडला, वाद्या एकावर एक नीट गुंडाळल्या आणि सगळ्यांत खालच्या खुंटाला अडकवला. मी दहा पावलांवर होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणावं म्हणून थांबला, की नुसताच थांबला, हे मी आजपर्यंत ठरवू शकलो नाही. मला म्हणता आलं असतं, बांध रे. दोन शब्द. माझ्या तोंडात ते आले सुद्धा. पण ते माझ्या तोंडून शोभणार नाहीत असं वाटलं, आणि शोभेल असं दुसरं काय म्हणावं याचा विचार करत राहिलो, तोवर तो चढला होता.

हलका चढला. दोर नाही, थांबणं नाही. जोड ओलांडला. वरच्या कळकाचा तिसरा की चौथा खुंट. आवाज झाला तो फार मोठा नव्हता, सुकी काडी मोडावी एवढाच. तो ओरडला नाही. एक हात खोडाला घासत खाली आला, मग सुटला. जमिनीवर आला तो आवाज मात्र मोठा होता. पाठीवर आला, आणि कमरेची नळकांडी फुटून मांडीत घुसली.

मियास वरून बघत होता. त्याला उतरायला फार वेळ लागला. त्या चपळ माणसाला मी पहिल्यांदा खोड कवटाळून उतरताना पाहिलं.

मोडलेला खुंट मी उचलला. आत पिवळं पीठ होतं.

घराखाली नोपच्या बाजेशेजारी दुसरी बाज आली. जिल्ह्याच्या दवाखान्यातून चौथ्या दिवशी परत पाठवलं, कणा तुटला आहे, घरीच ठेवा म्हणाले. सारीम आता दोघांना वळवायची, एक इकडे, एक तिकडे. नोप म्हणायचा, “आधी मला वळव. मी आधीचा आहे.” आणि जावयाला म्हणायचा, “शिकशील. पहिलं वर्ष अवघड जातं.”

बुनथानची आई बात्तांबांगहून आली. तिनं पट्टा पाहिला, हातात घेतला, वास घेतला. “बाईच्या पंच्याची घडी घातलीस पुरुषाच्या कमरेला?” ती सुनेला म्हणाली. “वर देव बसतो तिथं?” तिनं तो तळ्यात नेऊन टाकला. सारीम पोराला कडेवर घेऊन बघत राहिली. “अहो आई, पट्टा नव्हता म्हणून पडले हो!” म्हणाली. म्हातारी म्हणाली, “होता म्हणून.” लोक जमले होते. त्यांनी माना हलवल्या. त्यांना ते बरं पडत होतं. पट्ट्यानं पाडलं म्हटलं की नावानं पाडलं असं होत नाही.

मी दोनदा भेटायला गेलो. दुसऱ्या वेळी सारीम पाणी आणायला गेली होती. बुनथानचे ओठ फाटले होते, पाय काठीसारखे झाले होते. जखमेला वास सुटला होता. मी उकिडवा बसलो, आणि मला वाटलं आता सांगावं, माफी मागावी.

तोच हसला. दात दिसले.

“गुरुजी,” तो म्हणाला, “आता बांधायची गरज नाही. पोर कुठं जात नाही.”

मी उठलो. पाण्याचा हंडा घेऊन येणाऱ्या सारीमला वाटेत म्हणालो, “बरा वाटतो आज.”

एकोणिसाव्या दिवशी तो गेला. ते नाव कुणाचं, हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात नोपही गेला, आणि सासू सारीमला व पोरीला घेऊन बात्तांबांगला गेली. ताड मियासनं घेतले.

पत्र दहा वर्षांनी आलं. मी उत्तर लिहायला बसलो ते किती वेळा, मोजलं नाही. दर वेळी ‘तुम्ही हसला नाहीत’ या ओळीपाशी अडायचो. त्या ओळीपुरता मी चांगला माणूस होतो, आणि जगात तेवढी एकच जागा होती. ती सोडवत नव्हती. मी मनाला सांगायचो, गेलेल्या गोष्टी उकरून काय होणार. तिकडे त्या बाईला रोज ऐकवलं जात होतं.

मधल्या वर्षांत आमच्या गावात आणखी चार जण पडले. दोन मेले. पट्टा कुणी बांधला नाही.

गेल्या महिन्यात शहरातून एका संस्थेची दोन तरुण माणसं आली. त्यांच्याकडे लाल पट्टे होते, चांगले, कड्या असलेले, फुकट वाटायला. शाळेच्या मैदानात माणसं जमवली. कागद होता तो वाचून दाखवायला मला बोलावलं, मी निवृत्त असलो तरी. मी वाचला. जुनी शिडी वापरू नका, दर मोसमाला बदला, जोडावर थांबा, वर पोहोचल्यावर आधी पट्टा, मग सुरी. बुनथाननं स्वतः शोधलेलं सगळं त्यात होतं.

वाचून झालं. कुणी पुढं आलं नाही. मग मियास, आता केस पिकलेला, सगळ्यांत पुढं बसलेला, म्हणाला, “साहेब, आमच्याकडे हे चालत नाही. आमच्या एका गड्याला पट्ट्यानंच मारलं. विचारा गुरुजींना. होते तिथं.”

दोघं तरुण माझ्याकडे बघायला लागले. शंभरेक माणसं वळली. मियास माझ्याकडे बघत होता, हसत नव्हता. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं. खोकला आला, आणि खोकत खोकत मी बाजूला झालो. कुणीतरी पाणी दिलं. पट्टे पोत्यात परत भरले गेले. मियासची सून पोटुशी होती, आणि त्याचा मुलगा पोत्याकडे बघत उभा होता, बापाकडे एकदा, पोत्याकडे एकदा. मग तोही गेला.

घरी येऊन मी लिहिलं. या वेळी त्या ओळीपासूनच सुरुवात केली.

“सारीम, तुझं पत्र नऊ वर्षांपूर्वी मिळालं होतं. वाटेत हरवलं नव्हतं. तू लिहिलंस, मी हसलो नाही. मी हसलो नाही कारण ते नाव मीच पाडलं होतं. चुलीपाशी, सहा माणसांत, त्याच्यादेखत. लोकांनी मला शाबासकी दिली आणि मला ती आवडली. त्या नावाच्या लाजेनं त्यानं पट्टा काढला. काढताना मी दहा पावलांवर होतो आणि बांध म्हणालो नाही. खुंट आतून पोखरलेला होता, मी हातात घेऊन पाहिला. पट्टा असता तर तो लोंबकळला असता, आणि खाली उतरून तुझ्याशी भांडला असता. तुझ्यामुळे काही झालं नाही. तू एकटीच त्याला धरून होतीस. बाकीच्यांनी पट्टा सोडायला लावला, आणि त्यात पहिला मी. त्याला माहीत होतं. त्यानं तुला सांगितलं नाही, ते का, मला कळत नाही. तू माझ्या तोंडात राख घालीन म्हणाली होतीस. मी याच घरी आहे. हे पत्र सोर्याला मोठ्यानं वाचायला सांग, सासूबाई समोर असताना. आणि एकदा वाचून थांबू नका, त्यांना ऐकू कमी येत असेल तर पुन्हा वाचा.”

याचीच दुसरी प्रत मी मियासच्या मुलासाठी काढली. ती काल सकाळी त्याच्या हातात दिली. तो वाचत असताना मी तिथं थांबलो, संपेपर्यंत. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरात गेला.

मग मी तालुक्याच्या गाडीत बसलो. पोस्टातल्या बाईनं पत्ता पाहून विचारलं, “ही माणसं अजून तिथं असतील का, आजोबा? पत्ता जुना आहे.”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

तिनं तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पत्र उत्तरेच्या पोत्यात टाकलं.